पिशवी नंबर एक

१

खडकमळ्याच्या शाळेची नवी मोटार गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास बंद पडली. दुपारी ती वर काढली तेव्हा आतलं वायंडिंग जळून कोळसा झालं होतं आणि बुडाला वीतभर लाल चिखल थापलेला होता. एवढ्यावर भागलं असतं तर लोकांनी नशिबाला बोल लावून नवी मोटार मागवली असती. पण बोअरमधल्या दगडमातीच्या नमुन्यांची पेटी उघडून बघितली, तर सोळा पिशव्यांतली एक गायब. पिशवी नंबर एक.

पेटी शाळेच्या कपाटात, कपाटाला कुलूप, पेटीला सुतळी आणि सुतळीच्या गाठीवर लाखेचं सील. सील जसंच्या तसं होतं.

सांगलीत दाखला समितीच्या कार्यालयात ही बातमी पोचली तेव्हा सम्मेद मगदूम टिफिनचा डबा धुऊन पुसत होते. वयाचं अठ्ठावन्नावं वर्ष चालू, भूजलाच्या नोकरीत तीस वर्षं, निवृत्तीला पाच महिने. बोअर मारणाऱ्यांना आणि मोटारी बसवणाऱ्यांना सातारा-सांगली भागात आता समितीचा दाखला लागतो. त्या दाखल्याचा नमुना अर्ज मगदुमांनीच तयार केलेला. उमेदवारानं काय काय पाळायचं त्याच्या तेरा ओळी, खाली तपासनिसाचे दोन रकाने, आणि सगळं एका पानात. सरकारी कागद एका पानात बसवला याचा त्यांना इतका अभिमान होता, की पाहुण्यांनासुद्धा ते तो अर्ज दाखवत.

"उमेदवार कोण?" त्यांनी विचारलं.

"झोया मुल्ला. मार्केट यार्डाजवळच्या हुसेन मिस्त्रींची मुलगी."

मगदुमांनी डबा खाली ठेवला. हुसेन मिस्त्रींना कोण ओळखत नव्हतं? बोअरच्या पाईपाला कान लावून आत मोटार कशी चाललीय ते सांगणारा माणूस. आता त्यांचे डोळे गेल्यात जमा होते. परीक्षा देणं त्यांना शक्य नव्हतं, आणि पुढच्या एक तारखेपासून दाखल्याशिवाय कुठल्याही सार्वजनिक बोअरमध्ये मोटार सोडता येणार नव्हती. झोयाला दाखला मिळाला तर दुकान चालणार. खडकमळ्याचं काम ही तिची परीक्षा होती: मोटार बसवायची, आठ दिवस नीट चालवून दाखवायची. सातव्या दिवशी मोटार जळाली होती.

आणि नियम साफ होता. दोष उमेदवाराचा ठरला, तर दोन वर्षं पुन्हा अर्ज करायचा नाही.

शनिवारी समितीची बैठक होती. "शुक्रवारी जाऊन या," अध्यक्ष म्हणाले. "दोष कोणाचा, त्या रकान्यात एक नाव लिहून आणा. एकच."

२

शुक्रवारी सकाळी सहाच्या एसटीनं विटा-आटपाडी करत मगदूम म्हसवडला उतरले तेव्हा दहा वाजत आले होते. तिथून रिक्षानं खडकमळा. आठ-दहा घरं, माळावर एक शाळा, दारात कडुनिंब आणि त्याच्या सावलीत नव्या बोअरचा सिमेंटचा ओटा.

मुख्याध्यापिका ब्राह्मी दोशी दारातच उभ्या होत्या. नाकावर चष्मा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

"किल्ली माझ्याकडेच असते," विचारायच्या आधीच त्यांनी सांगितलं. "म्हणजे संशय माझ्यावरच. चला, बघून घ्या."

पेटी टेबलावर आली. मदन खाडे यांच्या रिगनं हा बोअर मारला होता. रिगचा वीस फुटी एक रॉड खाली गेला, की जेवढी भुकटी वर येते तिचा एक ढीग, प्रत्येक ढिगातली मूठभर एका पिशवीत, पिशवीवर नंबर. नियमाची पाचवी ओळ. पेटीतल्या नोंदपत्रावर सोळा ओळी होत्या, म्हणजे सोळा रॉड, तीनशे वीस फूट. पिशव्या मात्र दोनपासून सोळापर्यंत. पंधरा.

मगदुमांनी लाखेच्या तुकड्यांना तुकडा जोडून बघितला. कुणी सुरी तापवून खालून उचललं असतं तर काळा डाग राहिला असता. तसलं काही नव्हतं. मग त्यांनी एकेक पिशवी कागदावर ओतली. सोळा नंबरची भुकटी गेरूसारखी लालभडक, पंधरा ते तीन काळाकरडा दगड आणि मुरूम, आणि दोन नंबरात काळी माती. तिच्यात पांढऱ्या दोऱ्यासारखं काहीतरी होतं. मगदुमांनी ते चिमटीत धरून उजेडात बघितलं.

"हराळीची मुळी," ब्राह्मीताई म्हणाल्या. "इथं सगळीकडे हराळीच आहे."

मगदुमांनी मुळी पुन्हा पिशवीत टाकली आणि पिण्यासाठी पाणी मागितलं.

ब्राह्मीताईंनी तांब्या आणला आणि त्यावर दुहेरी गाळणं धरलं. मगदूमही घरी गाळल्याशिवाय पाणी पीत नसत, त्यामुळे त्यांना त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते खिडकीबाहेरच्या दोरीवर वाळणाऱ्या गाळण्यांचं. सात गाळणी ओळीनं, आणि सातही मधोमध तांबूस.

"ही बोअरच्या पाण्याची?"

"हो. रोजचं वेगळं. गाळण्यात अडकलेले बारीक जीव, म्हणजे जीवाणी, बोअरच्या पाण्यातच परत सोडते, मग कापड धुते. पण हा रंग काही जात नाही."

"कितव्या दिवसापासून?"

"पहिल्याच दिवसापासून. हे डावीकडचं पहिल्या दिवसाचं, कोपऱ्यात मी तारीख घालते. नव्या बोअरला असतं असं, म्हणून मी मनावर घेतलं नाही."

शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या सुलाबाई दाराआडून सगळं ऐकत होत्या. त्यांच्या स्वयंपाकाच्या ओट्याला नवाकोरा लाल हात दिलेला मगदुमांनी येतानाच पाहिला होता. त्यांनी तिकडे बोट केलं मात्र, सुलाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

"आवं सायेब, बाहेर ढीग पडला हुता लाल मातीचा. वाया चाललाय म्हनून दोन घमेली घेतली. चूल सारवली, ओटा सारवला. पिशवीला म्या हात बी लावला न्हाई."

"लावला नसणार," मगदूम म्हणाले. "लाल पिशवी सोळा नंबरची, ती जागेवर आहे. गेलीय ती एक नंबरची. वरच्या वीस फुटांतली माती. मला सांगा, इथं चहूकडे फुकट पडलेली माती कुणी सील न मोडता कशाला चोरेल?"

सुलाबाईंचा जीव भांड्यात पडला, आणि बाई सुटल्याच्या आनंदात दुसऱ्याला अडकवून मोकळ्या झाल्या.

"मंगळवारी इस्वजीत काटकर आला हुता, सायेब. शाळा सुटल्यावर. बोअरपाशी उकिडवा बसून लय येळ कायतरी करत हुता. मी हाक मारली तर गाडीला किक मारून पळाला की."

३

विश्वजीत काटकर हा मोटारी बसवणारा ठेकेदार. दाखला त्याला पहिल्याच खेपेला मिळालेला. खडकमळ्याचं काम त्यालाच हवं होतं, ते झोयाला मिळाल्यापासून त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. म्हसवडच्या स्टँडजवळ त्याचं दुकान. मगदूम तिथं पोचले तेव्हा तो टेम्पोत एक नवीकोरी मोटार चढवत होता.

"साहेब, माझ्यावर संशय घेऊ नका," तो म्हणाला. "त्या पोरीनं काम बिघडवलं आणि पिशवी पळवून घोळ केला. चिखल कुठून आला मोटारीला? बोअर ढासळलाय."

"हुसेन मिस्त्री फोनवर म्हणत होते, कुणीतरी बोअरमध्ये माती टाकली."

"मी टाकली?"

"मंगळवारी तू तिथं होतास."

विश्वजीत मोटारीची दोरी आवळू लागला. दुकानात मोटारींचे खोके, केबलची भेंडोळी, आणि भिंतीवर समितीची तीन पत्रं खिळ्याला अडकवलेली. मगदुमांनी चष्मा वर करून ती वाचली. तिन्ही एकाच मजकुराची: बोअरभोवतीचा ओटा नियमाप्रमाणे नाही, घाण पाणी आत मुरण्याची शक्यता, पुन्हा बांधावा.

"खिसा कशानं फुगलाय तुझा?"

"टेप हाय." प्रमाण बोलायचं सोडून विश्वजीत एकदम गावाकडच्या बोलीवर आला. "आता इचारलंच तर सांगतो. माझे तीन ओटे नापास झाले, सायेब. हिचा पहिल्या झटक्यात पास. म्हटलं, बघावं तरी उतार किती दिलाय, जाडी किती धरलीय. मापं घ्यायला गेलतो. पोरीला इचारायची लाज वाटली."

त्यानं वही काढून दाखवली. ओट्याचं चित्र, चारी बाजूंची मापं, उतार, कडेची पन्हळ. चित्र इतकं मन लावून काढलं होतं, की खोटं म्हणायला मगदुमांचा जीव होईना. शिवाय गाळणी होतीच. मंगळवारी माती टाकली असती, तर आधीच्या शुक्रवारचं कापड लाल कसं झालं असतं? चिखल पहिल्या दिवसापासून मोटारीच्या तोंडाशी होता.

"पण एक सांगतो," विश्वजीत मागून म्हणाला. "मोटार सोडली तवा माझा एक गडी तिथं बघायला हुता. त्यो म्हनला, शेवटचा पाईप सोडताना झोया थांबली हुती. चेनपुलीकडं बघत हुती. काय झालं हुतं, ते तिला इचारा."

४

झोया शाळेच्या पायरीवर बसली होती. सत्तावीस वर्षांची, बाह्या वर सारलेल्या, हातांना ग्रीस. शेजारी हुसेन मिस्त्री काठी टेकून. दोघं पहाटे सांगलीहून निघून दुकानाच्या टेम्पोनं नुकतीच पोचली होती. ज्या कामासाठी कौतुक व्हायचं तिथं चौकशीला बसावं लागलं होतं.

"शेवटच्या पाईपाला तू थांबलीस," मगदूम म्हणाले.

"व्हय, काका." तिनं मान खाली घातली नाही. "पाईप हलका लागला. वजन पुलीवर यायला पाहिजे तेवढं आलं न्हाई. मला वाटलं, पुली अडकली. तेल सोडलं, पाईप बसवला. तेराच्या तेरा ओळी पाळल्या. बोअरच्या तळापासून वीस फूट वर मोटार ठेवायची, ही आठवी ओळ. नोंदपत्रात तीनशे वीस हुतं, मी तीनशेवर सोडली."

"कुनीतरी माती टाकली, सायेब," हुसेन मिस्त्री म्हणाले. "माझी पोर चुकायची न्हाई."

चूक कुणाकडून होत नाही? आणि या पोरीची निघाली, तर नाव मगदुमांनाच लिहायचं होतं.

एवढ्यात मदन खाडे मोटारसायकलवरून आले, आणि मागच्या सीटवर त्यांची पुतणी पूजा. मदन खाडे म्हणजे पन्नाशीचा, उन्हानं रापलेला, गरम डोक्याचा गडी. म्हसवडच्या आजूबाजूला निम्मे बोअर त्यांच्या रिगनं मारलेले.

"आवं सायेब, माझ्या रिगची नोंदणी काढून घ्यायला आलाय का? मी सरळ बोअर मारला, पानी लागलं, पोरं पानी पित्यात. नोंदपत्रावर सही हाय माझी. आनि काय पाहिजे?"

"सहीच्या वर काय लिहिलंय, ते वाचलंत?"

"बारीक अक्षर. चष्मा घरी ऱ्हातो. पूजा लिवती. सांगलीत बी.कॉम. झालीया. तुमी ह्यो अर्ज काढल्यापास्नं तिलाच बसवलंय लिवायला."

पूजा मोटारसायकलजवळच उभी राहिली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायचं, सोडायचं, परत गुंडाळायचं. मगदुमांनी तिच्याकडे बघून अगदी सहज विचारलं, "बेटा, रिग चालू होती तेव्हा तू इथं होतीस?"

"नाही, सर. माझी एसटी चुकली. मी आले तेव्हा काम संपलं होतं, काका जेवायला गेले होते. मी ढिगांतून पिशव्या भरल्या, नोंद लिहिली, संध्याकाळी काकांनी सील केलं."

"अर्जासोबत जागेचा फोटो लागतो. तो तू काढलास?"

तिनं फोन पुढे केला. फोटो चांगला होता. उजवीकडे बोअरचं तोंड, त्याच्यापासून भुकटीच्या ढिगांची रांग. त्या रांगेच्या पुढ्यात मुठीएवढ्या दगडांची दुसरी रांग, आणि तिच्या टोकाला फोडलेला नारळ. मगदुमांनी बोटांनी चित्र मोठं केलं आणि दगड मोजले. मग ढीग मोजले. मग पुन्हा दगड.

त्यांनी फोन पूजाला परत दिला तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"सगळ्यांना कडुनिंबाखाली बोलवा," मगदूम ब्राह्मीताईंना म्हणाले. "त्या विश्वजीतलाही फोन करा. पिशवी सापडली."

५

कडुनिंबाखाली सतरंजी अंथरली गेली. विश्वजीत टेम्पो घेऊन आला आणि सगळ्यांपासून लांब, चाकाला टेकून उभा राहिला. सुलाबाईंनी चहा दिला. मगदुमांनी पेटी समोर ओढली.

"सील शाबूत आणि पिशवी गायब. याचा सगळ्यांनी एकच अर्थ काढला, की चोर फार हुशार आहे. मला दुसरा अर्थ सोपा वाटतो. बंद पेटीतून जी वस्तू निघूच शकत नाही, ती पेटीत गेलीच नव्हती."

"पन सोळा रॉड म्हंजी सोळा पिशव्या," विश्वजीत म्हणाला.

"तिकडेच येतोय. ही पिशवी नंबर दोन." त्यांनी काळी माती कागदावर ओतली आणि ती मुळी वर काढली. "नोंदपत्र म्हणतं, ही माती वीस ते चाळीस फुटांवरची. मिस्त्री, हराळीचं मूळ किती खोल जातं?"

हुसेन मिस्त्रींनी मुळी बोटांत घेऊन चाचपली. "दोन-चार फूट. ही तर अगदी वरच्या थरातली हाय."

"म्हणजे नंबर दोनची पिशवी ही खरं तर पहिल्या रॉडची. मग तीन नंबरची दुसऱ्या रॉडची, आणि अशीच शेवटपर्यंत. सोळा नंबरची लाल भुकटी पंधराव्या रॉडची. पिशवी चोरीला गेली नाही. मुळात रॉडच पंधरा होते. बोअर तीनशे वीस नाही, तीनशे फूट आहे. झोयानं तळापासून वीस फूट वर म्हणून मोटार सोडली, ती टेकली थेट तळाला, लाल गाळात. म्हणून शेवटचा पाईप हलका लागला. म्हणून ब्राह्मीताईंची गाळणी पहिल्या दिवसापासून लाल. पाण्यातली मोटार भोवतीच्या वाहत्या पाण्यानं गार राहते. गाळात रुतलेली मोटार सहा दिवस टिकली हेच नवल."

मदन खाडे उठून उभे राहिले. "पंधराच रॉड घातले म्या. सोळा कोन म्हनलं?"

"तुमच्या दगडांनी."

मदन खाड्यांचं तोंड उघडंच राहिलं.

"मशीनच्या आवाजात आकडे ध्यानात राहत नाहीत, म्हणून तुम्ही प्रत्येक रॉडला एक दगड ठेवता. तुमच्या वडलांपासूनची पद्धत असणार. पण रॉड लावायच्या आधी तुम्ही अजून एक दगड ठेवता. बरोबर?"

"शिद्धनाथाचा," मदन खाडे हळू आवाजात म्हणाले. "पयला दगड देवाचा. गुलाल लावून ठेवायचा, नारळ फोडायचा, मग मशीन चालू. त्यो मोजायचा न्हाई. ह्ये काय सांगायचं असतंय व्हय? आमच्या रिगवर सगळ्यास्नी ठावं हाय."

"रिगवर सगळ्यांना. सांगलीहून एसटी चुकलेल्या मुलीला नाही."

पूजा रडत होती. ब्राह्मीताईंनी तिला जवळ घेतलं.

"मी दगड मोजले, सर. सोळा. ढीग पंधराच भरले. मला वाटलं, पहिला ढीग मातीचा, कुणाच्या तरी पायाखाली गेला असेल. म्हणून पिशव्यांना दोनपासून नंबर घातले आणि नोंदीत पहिल्या ओळीत अंदाजानं 'माती' लिहिलं. काकांना विचारलं असतं तर... पण मला वाटलं, ते म्हणतील, एवढं शिकून मोजता येत नाही."

"आगं खुळे," मदन खाडे म्हणाले. त्यांचा चढलेला पारा कुठच्या कुठे गेला होता. "मीच चष्मा लावून वाचायला पाहिजे हुतं की."

विश्वजीत चाकापासून दोन पावलं पुढे आला. "ह्ये सगळं बोलनं झालं, सायेब. बोअर ढासळून वीस फूट भरला असंल तर? फोटोवरनं खोली कळत न्हाई."

तो खवचटपणे बोलत नव्हता. शंका रास्त होती. तेवढ्यात हुसेन मिस्त्रींनी काठी बाजूला ठेवली आणि पायाजवळच्या गोणपाटातून दोरीचं एक भेंडोळं काढलं. टोकाला शेरभर वजनाचा लोखंडी गोळा, आणि दर वीस फुटांवर एक रंगीत चिंधी.

"ओळंबा," ते म्हणाले. "सकाळी टेम्पोत बसताना खिळ्यावरनं उचलून आनला. झोया, सोड."

झोयानं गोळा बोअरमध्ये सोडला. दोरी तिच्या हातातून सरकत होती आणि हुसेन मिस्त्री डोळे मिटून, तिच्या हाताखाली हात धरून, बोटांनी चिंध्या मोजत होते. दहा. बारा. चौदा. पंधरावी चिंधी बोअरच्या तोंडाशी आली आणि दोरी ढिली पडली. झोयानं गोळा हातभर उचलून पुन्हा सोडला. दोरीतून हाताला ठक्क लागलं.

"दगुड हाय," मिस्त्री म्हणाले. "बोअर भरला असता तर गोळा मऊ बसला असता. वर थोडा गाळ, खाली तळ. तीनशे फूट."

विश्वजीतनं मान हलवली. त्याचं समाधान झालं होतं.

६

आता राहिला रकाना. दोष कोणाचा. एकच नाव.

मगदुमांनी अर्ज गुडघ्यावर घेतला. दुपार कलली होती. दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा त्यांचा नेम. पण आज त्यांना भूक नव्हती. मदन खाड्यांचं नाव लिहावं तर रिगची नोंदणी जाते. पूजाचं लिहावं तर ती दाखलाधारक नाही, आणि पोरीनं पुन्हा पेन हातात धरलं नसतं.

"माझं लिवा, काका," झोया म्हणाली.

हुसेन मिस्त्रींनी तिच्या आवाजाच्या दिशेनं मान वळवली.

"अब्बांनी चाळीस वर्षांत ओळंबा टाकल्याशिवाय मोटार सोडली न्हाई. कुनी किती बी फूट सांगू दे. त्या दिवशी सांगलीतनं निघताना पन म्हनलं, दोरी घेऊन जा. मी म्हनलं, अर्जात न्हाई ते, आता सगळं कागदावर असतंय. दुकानात खिळ्यावर ऱ्हायली दोरी. पाईप हलका लागला तवा तरी कळायला पाहिजे हुतं. मी अर्जावर इश्वास ठेवला, हातावर न्हाई."

दोन वर्षांची बंदी आणि दुकानाचं बंद शटर आपल्या तोंडानं मागून घेणारी ती पोर ताठ उभी होती. मगदुमांना तिच्याकडे बघवेना. त्यांनी अर्जाकडे बघितलं. एक पान. तेरा ओळी. सुबक.

आणि त्यांना आठवलं.

दोन वर्षांपूर्वी, घरच्या जेवणाच्या टेबलावर, त्यांनी पहिला खर्डा केला होता. त्यात चौदा ओळी होत्या. आठवीच्या वरची ओळ होती: मोटार सोडण्यापूर्वी बोअरची खोली उमेदवाराने स्वतः मोजावी. अर्ज दुसऱ्या पानावर चालला होता, तीन-चार शब्दांसाठी. मगदुमांनी विचार केला, नोंदपत्रात खोली असतेच, मग पुन्हा कशाला? आणि ती ओळ खोडली. पान एक झालं. त्याच पानाचं कौतुक ते दोन वर्षं पाहुण्यांना सांगत आले होते.

त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि रकान्यात नाव लिहिलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखवलं.

"दोष कोणाचा: सम्मेद मगदूम, अर्जाचे लेखक. उमेदवाराने अर्जातल्या तेराही ओळी पाळल्या. चौदावी ओळ असायला हवी होती, ती मी खोडली. उपाय: ती परत घालावी."

"काका, असं कसं?" झोया म्हणाली.

"खरं आहे ते लिहिलंय. उद्या समितीत मी बघून घेतो. पण आठवा दिवस आज आहे. दिवस मावळायच्या आत या बोअरला चालू मोटार दिसली, तर माझ्या बोलण्याला वजन येईल. तुमच्याकडे दुसरी मोटार आहे?"

नव्हती. जळकी मोटार सांगलीला न्यायची, वायंडिंग करायचं, म्हणजे चार दिवस. झोयानं नुसती मान हलवली.

टेम्पोचा मागचा फाळका धाडकन् उघडला. "ही घ्या," विश्वजीत म्हणाला. "परवा आटपाडीला बसवायचीय, तवर वापरा. आनि एक... तुमच्या ओट्याची पन्हळ कशी काढली, ते जरा सांगा मला."

मग कुणी कमरेला पदर खोचला, कुणी बाह्या वर सारल्या. चेनपुली उभी राहिली. मदन खाड्यांनी फोन करून बोलावलेल्या गड्यांनी पाईप उचलले, विश्वजीतनं केबल सोडली, पूजानं वहीत एकेक पाईप मोठ्यानं मोजून लिहिला, आणि तिचे काका प्रत्येक आकड्याला "बरुबर" म्हणत राहिले. झोयानं पुन्हा एकदा ओळंबा टाकला आणि मोटार दोनशे ऐंशी फुटांवर थांबवली. हुसेन मिस्त्रींनी पाईपाला कान लावला. स्टार्टरचं बटण दाबलं.

पहिली दहा मिनिटं पाणी तांबूस आलं. मग फिकट झालं. सूर्य माळाच्या कडेला टेकायला आला तेव्हा ब्राह्मीताईंनी तांब्यावर नवं गाळणं धरलं, पाणी ओतलं आणि कापड उजेडात पसरलं. ते पांढरंशुभ्र होतं. मगदूम तिथंच उभ्या उभ्या दोन तांबे पाणी प्यायले, आणि सुलाबाईंनी लाल सारवलेल्या ओट्यावरून आणून दिलेली भाकरी त्यांनी दिवस मावळायच्या आत संपवली.

शनिवारी समितीत बरीच भवती न भवती झाली. अध्यक्षांनी रकाना तीनदा वाचला. शेवटी दाखला मंजूर झाला आणि अर्ज दोन पानांचा झाला. मदन खाड्यांना ताकीद मिळाली. देवाचा दगड ते अजून ठेवतात, फक्त आता पूजानं त्यांना तो मोजायच्या रांगेपासून लांब, नारळासोबत ठेवायला लावलाय.

एक तारखेला मगदूम मार्केट यार्डाजवळून जाताना मुद्दाम हुसेन मिस्त्रींच्या दुकानात डोकावले. शटर वर होतं. मिस्त्री एकटेच खुर्चीत बसले होते.

"झोया कुठं?"

"शिराळ्याला, कामावर. ओळंबा घेऊन गेलीया." मिस्त्रींनी मागच्या भिंतीकडे हात केला. जिथं चाळीस वर्षं दोरी लटकत होती त्या खिळ्याला आता काचेच्या चौकटीतला दाखला लावला होता. मिस्त्री उठले, चाचपडत भिंतीपाशी गेले आणि त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. "वाचून दावा की, सायेब. रोज येनाऱ्या गिऱ्हाइकाकडनं वाचून घेतोय. पन तुमच्या तोंडनं ऐकायचं ऱ्हायलंय."

मगदुमांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.